त्या गिटारीचं शिंग कोणाचं?

भाऊ ऑर्केस्ट्रात आणि नवरा कारखान्यात, अशी ज्या बाईची गत असते, तिच्याकडे दोन गोष्टी साठत जातात. उपास आणि किस्से! उपास निदान सोडता तरी येतात. किस्से मात्र सोडवत नाहीत. भिशीला जा, हळदी-कुंकवाला जा, कोणीतरी म्हणतंच, "वहिनी, ते गिटारीचं सांगा ना!"

तर सांगते. पण सुरुवात नवसापासून करते, कारण सगळे किस्से त्याच्याच भोवती आहेत.

एका चैत्रात मी वणीच्या गडावर गेले, देवीपुढे पदर पसरला आणि नवस बोलले, "आई, माझा भाऊ भाऊबीजेला माझ्या घरात, उंबऱ्याच्या आत, ह्यांच्या शेजारी बसून जेवू दे. मी चढून येऊन तुझी ओटी भरीन." शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय हो, शेतीचा वाद का?"

मी म्हटलं, "नाही हो. गिटारीचा."

त्या बाई दोन पावलं लांब सरकल्या!

* * *

वसंतादादा आणि आमचे हे, दोघं आयटीआयला एका बाकावरचे. एक 'वश्या', दुसरा 'पक्या'. पुढे दादा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवू लागला आणि हे अंबडला एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर झाले. म्हणजे लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा, ते काम. दोघांची मैत्री एवढी, की दादाने बहिणीसाठी दुसरं स्थळ बघितलंच नाही. लग्नानंतर पक्याचे 'दाजी' झाले. तरी दादा मनात आलं की पक्याच म्हणायचा. 'दाजी' म्हणाला की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

नव्वदीची सुरुवात होती. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे परदेशी वस्तू, आपल्या आवाक्यातली नाही. मग दादाने आकार काढला आणि ह्यांनी तो सागवानी फळीतून कापला. तारा, वायरी, आतलं सामान दादाने मुंबईहून जुन्या बाजारातून आणलं. लाल रंग दिला. गिटार तयार झाली तेव्हा तिला एका बाजूने वर जाऊन आत वळलेलं असं एक शिंग होतं, की तसलं नाशकात कोणी पाहिलेलं नव्हतं.

गणपतीत पहिला कार्यक्रम झाला आणि पोरं ओरडायला लागली, "शिंगवाला आला रे!"

त्या शिंगाने दादा नाशिकपासून मालेगावपर्यंत गाजला. कार्यक्रमाचा बोर्ड रंगवणारे पेंटर गिटार अशी काढायचे, की हात लावला तर वाजेल. दादाचं तोंड मात्र दर बोर्डवर वेगळं. सिन्नरच्या बोर्डवर तर तो चक्क आमच्या पोस्टमनसारखा दिसत होता. पण गर्दी तुफान! लोकांना तोंडाशी काय करायचं होतं? शिंग होतं ना!

* * *

माशी शिंकली ती एका कार्यक्रमात. आम्ही दोघं पहिल्या रांगेत. ह्यांच्या हातात भाजलेल्या शेंगांची पुडी. निवेदक स्टेजवर आला आणि म्हणाला, "रसिकहो, ही जी आगळीवेगळी गिटार आपण पाहताय, ती स्वतः वसंतरावांनी डिझाइन केलेली आहे!"

टाळ्यांचा कडकडाट. दादाने वाकून नमस्कार केला.

ह्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी दादा आमच्याकडे चहाला आला. ह्यांनी विचारलं, "डिझाइन केलेली? करवतीला हात तरी लावला होतास का? शिंग घासता घासता माझ्या बोटांची सालटी निघाली."

दादा म्हणाला, "पण आकार मी काढला ना! आणि दाजी, शिंप्याने कापड कापलं म्हणून लग्न त्याचं होतं का?"

"नाही होत. मग पुढच्या लग्नाला जा की कापड नुसतं गुंडाळून!"

मी हसले. तेवढंच चुकलं. दोघांनाही वाटलं, ही दुसऱ्याच्या बाजूने हसली!

दादा चहा न घेता उठला, तो आमच्या उंबऱ्यावर पुन्हा आलाच नाही. भाऊबीजेला फाटकाबाहेर उभा राहायचा. मी पाट घेऊन रस्त्यावर. येणारेजाणारे सायकलवाले घंटी वाजवायचे आणि मी मधल्या मधे ओवाळून घ्यायची. समोरच्या काकूंनी एकदा काळजीने विचारलं, "तुमच्यात भावाला आत घेत नाहीत का?"

जेवणाचा डबा त्याला फाटकातून द्यायची. तो तिकडे घरी जाऊन जेवायचा, मला इकडे घास उतरायचा नाही. तेव्हाच तो नवस मनात आला.

* * *

पण गंमत बघा. दादा येत नव्हता, गिटार येत होती! कारण तिला काही झालं तर दुरुस्ती ह्यांनाच जमायची. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला दादा तयार नाही आणि दुसऱ्या कोणी तिला हात लावलेला ह्यांना चालत नाही. मग ती एकटीच रिक्षात बसून यायची. रिक्षावाला हाक मारायचा, "ताई, पेशंट आलंय!"

हे तिला पलंगावर आडवी ठेवायचे, फडक्याने पुसायचे, तेलपाणी करायचे. चार दिवस ठेवून घ्यायचे. कधीकधी काम अर्ध्या तासाचंच असायचं.

आमच्या सासूबाई निफाडकडच्या. जीभ धारदार, मन लोण्याचं. त्या दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "आली का लेक माहेराला? खणानारळानं ओटी भर गं तिची. जावई तं भांडकुदळ निघाला!"

* * *

एका वर्षी ती अशीच माहेरी आलेली असताना खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा. ह्यांनी करवत, रंधा, पटाशी घासूनपुसून काढलं आणि जाहीर केलं, "उद्या गिटारही माझ्या हत्यारांमध्ये पूजेला बसणार. कारखान्यात नेणार."

तिकडून वहिनीचा फोन. "वन्सं, हे म्हणतात गिटार वाद्यांच्या पूजेत बसणार. सकाळीच पाठवून द्या."

गिटार एक आणि पूजा दोन, त्याही एकाच मुहूर्तावर! मी देवापुढे बसून म्हटलं, आता काय करू? देवाने उत्तर द्यायच्या आत ह्यांनी दिलं. स्क्रूड्रायव्हर काढला, मागचे चार स्क्रू सोडवले आणि गिटारीची मान वेगळी करून माझ्या हातात ठेवली.

"ही दे त्याला. मान त्याची, धड माझं."

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "आरं, नवरात्रात मुंडकं कापतो का रे? देवी बघून राहिली ना वरून!"

मी दोन्ही तुकड्यांना कुंकू लावलं, माफी मागितली आणि मान रिक्षात बसवून दिली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पूजा झाल्या आणि संध्याकाळी दादाचा कार्यक्रम. मान तिकडे होतीच, धड मी नेलं. जोडायला घेतली तर स्क्रू कुठायत? ह्यांच्या खिशात! आणि हे बसलेत प्रेक्षकांत, हाताची घडी घालून.

मी गेले. म्हटलं, "द्या."

"मागायला आला तर देईन."

मी परत स्टेजमागे. दादा म्हणाला, "त्यांना सांग, मी मागणार नाही. मी तोंडाने वाजवीन!"

लोक शिट्ट्या मारायला लागले. मी माझा कुंकवाचा करंडा उघडला आणि ह्यांच्यासमोर धरला. "देवीच्या नावाने टाका यात." आता देवीच्या नावाला नाही कसं म्हणणार? टाकले. दादानेही देवीचे म्हणून उचलले. स्क्रू कुंकवाने लाल, दादाची बोटं लाल, गिटार मुळातच लाल.

निवेदक म्हणाला, "रसिकहो, आज वसंतरावांच्या सुरात काहीतरी तेज आहे!"

सुरात कसलं तेज? सगळं कुंकू होतं ते!

* * *

विंचूरचा किस्सा तर सांगायलाच हवा. माझी नणंद तिथे दिलेली. तिच्याकडे कंदोरीला, म्हणजे नवसाच्या बोकडाच्या जेवणाला, गेलो होतो, म्हणून हेही होते. कांदा मार्केटच्या लोकांनी दादाचा ऑर्केस्ट्रा ठेवला होता. दादाने नेमका गाण्याच्या मधला गिटारीचा तुकडा घेतला, शिंग वर केलं आणि... लाइट गेली. लोडशेडिंगचे दिवस ते.

कीबोर्ड मेला, माइक मेला, गिटार मेली. ढोलकीवाला तेवढा जिवंत. आणि पुढच्या लोकांना वाटलं, लाइट नंतर गेली, गिटार आधी बंद पडली!

एकजण ओरडला, "ओ शिंगवाले, गिटार बंद पडली तुमची!"

दुसरा म्हणाला, "लय नखरे तिचे! डिझाइन कोणाचं हाय रं हे?"

आणि माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. स्टेजवरून दादा म्हणाला, "ज्याने बनवली त्याला विचारा!"

खुर्च्यांतून हे म्हणाले, "ज्याने काढली त्याला विचारा!"

इतकी वर्षं 'माझी, माझी' चाललं होतं. त्या पंधरा मिनिटांत गिटार अगदी अनाथ झाली! लाइट आल्याबरोबर पुन्हा दोन्ही बाप हजर.

* * *

दोघांचा हक्क कमी होता म्हणून की काय, त्यात येवल्याचे मामा शिरले. हे ह्यांचे मामा, आयुष्य पैठणीच्या मागावर गेलेलं. आमच्याच नात्यातल्या एका लग्नात त्यांनी ती गिटार पहिल्यांदा जवळून पाहिली आणि जागच्या जागी थबकले.

"हे शिंग नाही," मामा म्हणाले. "ही मोराची मान आहे. आमच्या पदरावरचा मोर आहे हा! कोणी उचलला?"

दादा म्हणाला, "मामा, मी आजवर मोर नीट बघितलेला पण नाही."

हे पहिल्यांदाच दादाच्या बाजूने बोलले. म्हणजे मला म्हणाले, "त्याला सांग, मीही नाही बघितला."

मामा ऐकतात का? नवरी पैठणी नेसून स्टेजवर आशीर्वाद घेत उभी. मामा तिच्याकडे गेले, "बाळ, इकडे ये," म्हणून तिला ऑर्केस्ट्राशेजारी आणलं, पदर गिटारीवर पसरला आणि चष्मा वर करून एक मोर, एक शिंग, एक मोर, एक शिंग असं बघू लागले. फोटोग्राफरने तेवढ्यात दोन फोटोही काढले.

वरमाई तरातरा आल्या. "अहो, आमच्या सुनेला गिटारीला का जुंपलंय?"

मामा शांतपणे म्हणाले, "जुळतात का बघतोय."

"अहो पत्रिका जुळवून झाल्यावर लग्न केलंय! आता गिटारीशी जुळवायचं राहिलं होतं का?"

अल्बममध्ये तो फोटो अजून आहे. नवऱ्यामुलाच्या जागी गिटार!

* * *

आता शेवटचा. हा मी कधीच लवकर सांगत नाही, कारण यानंतर दुसरा कुठलाच रंगत नाही.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. दादाच्या गिटारीचं नाव मुंबईच्या एका वाद्यं बनवणाऱ्या गृहस्थांपर्यंत पोचलं. त्यांना तसल्याच शिंगाच्या गिटारी बनवायच्या होत्या, वर डिझाइन करणाऱ्याचं नाव कोरून. दादाने सांगितलं, माझं नाव. कुठून तरी ह्यांच्या कानावर गेलं. ह्यांनी फोन करून सांगितलं, माझं नाव. गृहस्थ वैतागले. म्हणाले, "भांडणातली वस्तू मी घेत नाही. मी नाशिकला येतो. एका ठिकाणी बसून एक नाव ठरवा, नाहीतर विषय संपला."

दादाचे हात तेव्हा पूर्वीसारखे राहिले नव्हते. ऑर्केस्ट्रेही कमी झाले होते. ही संधी गेली असती तर शिंगवाला कोण होता हे चार वर्षांत कोणी विचारलं नसतं. आणि ह्यांचंही तेच. आयुष्यभर पॅटर्न केले, त्यांवरून ओतलेली लोखंडं दुसऱ्यांच्या नावाने बाजारात गेली. नाव लागण्यासारखी ही एकच वस्तू. मला दोघांचंही कळत होतं आणि म्हणूनच काही सुचत नव्हतं. एकाचं नाव लागलं की दुसरा जन्मात बोलणार नाही, एवढं मात्र कळत होतं.

दिवस कोणता ते गृहस्थांनी मला विचारलं. मी म्हटलं, "भाऊबीजेला या."

दादा आला. फाटकाच्या आत आला, पण अंगणातच थांबला. पायरीला पाय लावला नाही. हे दारात उभे. मधे मी, एका हातात ओवाळणीचं ताट. गृहस्थांनी गिटार खोळीत बांधून गाडीत ठेवून दिली आणि म्हणाले, "सोपं करू. अंगणात खडूने हे शिंग काढून दाखवा. गिटार न बघता, खऱ्या मापात. मग वर गिटार ठेवून बघू. ज्याचं जुळेल त्याचं नाव."

आमचं अंगण म्हणजे सिडकोतलं सिमेंटचं, चार माणसं उभी राहिली तर पाचव्याने फाटकावर बसावं एवढं. दादा एका कोपऱ्यात बसला, हे दुसऱ्या. दादाने डोळे मिटले, हात हवेत फिरवला आणि एका झटक्यात काढलं. ह्यांनी कंपास, पट्टी, दोरी घेऊन काढलं. दोघांच्या कपाळावर घाम.

गिटार आणली. दादाच्या रेघेवर ठेवली. शिंग बोटभर बाहेर.

ह्यांच्या रेघेवर ठेवली. शिंग बोटभर आत.

"फरशीला उतार आहे," दादा म्हणाला.

"खडू जाड होता," हे म्हणाले.

गृहस्थ गिटार हातात घेऊन उभे. माझ्या ताटातलं निरांजन फडफडत होतं. मी मनात देवीचं नाव घेत होते, आणि नेमक्या तेव्हा सासूबाई आतून आल्या.

"काय चाललंय हे? सणासुदीचं अंगण, आन् ह्या उघड्या रेघा? सरका!"

कोनाड्यातला रांगोळीचा डबा घेतला, चिमूट भरली, कमरेतून वाकल्या आणि दोन बोटांतून एक रेघ सोडली. वर गेली, आत वळली, टोकाला टोक मिळालं. एवढंच. हात झटकून सरळ झाल्या.

त्या गृहस्थांना काय वाटलं देव जाणे. त्यांनी गिटार अलगद त्या रांगोळीवर ठेवली.

शिंगाच्या कडेने पांढरी रेघ बारीक दिसत होती. सगळीकडून सारखी. लुगड्याला काठ असावा तशी.

दादाने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी दादाकडे.

सासूबाई म्हणाल्या, "असं काय बघता? गिटार करायच्या टायमाला बी असंच करून गेला होता ना तू वसंता. सांजच्याला खडूनं काहीतरी गिचमीड काढलं अंगणात, आन् एक बाजू उघडीच टाकून गेला. रांगोळी कधी उघडी ठेवत नसत्यात. मी पहाटं सडा न टाकता कोयरी काढून ती बाजू बंद केली. उजाडल्यावर बघते तं हा माझा पोरगा ड्युटीवरून आलेला, मोजपट्टी घेऊन त्याच रेघेवर बसलेला."



गृहस्थांनी खिशातून पेन काढलं. अगदी आदराने म्हणाले, "आजी, तुमचं पूर्ण नाव काय? कोरायचं आहे."

"रांगोळीवर कोणी नाव लिहितं का? चला आत. वाढलेलं थंड व्हायलंय."

दादा पायरीशी गेला आणि थांबला. हे दारातून बाजूला झाले. पुढच्या चैत्रात मी गड चढून देवीची ओटी भरून आले.

तुमच्याही घरात असं कोणी फाटकाबाहेर उभं असेल, तर बायांनो, माझं ऐका. तुम्हीही एक नवस बोलून ठेवा. मी बोलले तसाच बोला. पण त्या दोघांपैकी कोण बरोबर आहे, ते मात्र देवीला सांगायला जाऊ नका.